संकरित ज्वारी आणि कडबा

ज्वारीचा संकर करितांना केवळ दाण्याचें माप पाहणें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. इ. स. १९६४ मध्यें प्रसृत झालेल्या सी. एस. एच. १ या संकरित खरीप ज्वारीनें उत्पन्न वाढविलें, हें निर्विवाद आहे. परंतु तिचें ताट आंखूड, आणि कणसें पक्व होतांना पाऊस लागल्यास दाणा काळा पडे. रब्बींत मात्र सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथें निवडलेली मालदांडी ३५-१ अद्याप टिकून आहे, ती भाकरीची गोडी व गुरांस पुरेसा कडबा यांमुळेंच. यास्तव नव्या संकरांत हे गुण उतरविलेच पाहिजेत. आणि प्रत्येक शेतकऱ्यानें कापणीपूर्वीं उभ्या पिकांतील जातिवंत कणसें निवडून शुद्ध बीं राखावें, अशी आमची सूचना आहे. मूळ वाणच बिघडला, तर संकर तरी कशाचा करावयाचा?