दोन स्थलांतरित, दोन न्याय

साहेबाची बदली झाली म्हणून त्याच्या पोराचे वर्ष बुडता कामा नये. या एका गरजेतून आंतरराष्ट्रीय शाळा जन्माला आली. १९२४ साली जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी अशी शाळा निघाली. १९६८ साली त्याच शहरात आयबी हे शिक्षण मंडळ स्थापन झाले. बाप आज जिनिव्हात, उद्या मुंबईत. पोराचा अभ्यासक्रम मात्र तोच. पुण्यातही १९९८ साली मर्सिडीज-बेंझच्या नावाने अशी छोटी शाळा सुरू झाली. आज ती महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल म्हणून चालते. परदेशी मुलांबरोबर ऐपतदार स्थानिकांची मुलेही तिथे शिकतात.

यात आम्हाला काहीही गैर वाटत नाही. मूल फिरते, तर शाळेने त्याला सांभाळून घ्यावे, हे तत्त्व सोळा आणे खरे आहे. आमचा प्रश्न एवढाच, की हे तत्त्व फक्त साहेबाच्याच पोराला का?

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ आणि फेरेरो या इटालियन कंपन्यांचे कारखाने आहेत. जग बारामतीत आले, याचा गाजावाजा पुष्कळ होतो. पण त्याच तालुक्यातल्या माळेगाव बुद्रुकला दरवर्षी दुसरेही स्थलांतरित येतात. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. कोपीत संसार आणि पहाटेच्या अंधारात फड. बरोबर पोरे असतात. गावाकडची शाळा दिवाळीनंतर सुटते ती सुटतेच. पोरगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिलाही आणतात. मग ती कोपीत धाकट्याला सांभाळते.

साहेबाच्या मुलासाठी अभ्यासक्रम देश ओलांडतो. कोयत्याच्या मुलीसाठी हजेरीपटावरचे नाव जिल्हासुद्धा ओलांडत नाही. आणि सरकारी कागदावर याला म्हणतात ‘गळती’! जणू पोरेच भांड्यातून गळाली; भांडे फुटके आहे, हे कोणी लिहीत नाही.

कायदा नाही असे नव्हे. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू. कलम ४ म्हणते, शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात घ्या. कलम ५ म्हणते, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवू नका. कलम ९ स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्यच ठरवते. मात्र कलम ५ मधली मेख वकील म्हणून आम्ही दाखवून देतो. शाळा बदलून जाण्याच्या या हक्कातून खासगी विनाअनुदानित शाळा वगळल्या आहेत. म्हणजे जी शाळा फिरत्या मुलांसाठी म्हणून जन्मली, तिचे दार फिरत्या गरिबाला मध्येच ठोठावताही येत नाही.

उरतो तो प्रवेशवर्गातल्या २५ टक्के जागांचा हक्क. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी तो वैध ठरवला. पाटीवर ‘इंटरनॅशनल’ लिहिले म्हणून त्यातून सुटका होत नाही. महाराष्ट्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलून जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना मोकळीक दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. पण या हक्कासाठीही राहण्याचा पुरावा लागतो, आणि शाळा घरापासून किती लांब ते मोजले जाते. कोपीचे वीजबिल कोण देणार?

सरकारने २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर केली. चांगले आहे. पण जे मूल आई-बापाबरोबर आले, त्याचे काय? कोणती टोळी कोणत्या गावची, हे कारखान्याच्या करारात लिहिलेले असते. ती यादी हंगामाच्या पहिल्या आठवड्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर गेली पाहिजे. शिक्षकाने कोप्यांवर जाऊन दाखल्याविना नावे घातली पाहिजेत. परतताना हजेरी आणि प्रगती मुलाबरोबर गावच्या शाळेत गेली पाहिजे. याला जिनिव्हा लागत नाही. इच्छा लागते.

१९०१ साली एका बापाला दुष्काळी कामावरच्या नोकरीसाठी गोरेगावला राहावे लागले. मुले साताऱ्यात शिकत होती. सुट्टीत ती बापाला भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनवर त्यांची जात कळताच गाडीवाल्यांनी पाठ फिरवली. त्यातला एक मुलगा भीमराव. फिरत्या बापाच्या त्या पोराची शाळा तुटली नाही, म्हणून या देशाला राज्यघटनेचा शिल्पकार मिळाला. माळेगावच्या फडावर आज अशी किती पोरे उसाचे वाढे गोळा करीत आहेत, हे आधी मोजा. मग खुशाल इंटरनॅशनल व्हा!