फोन एक, मतं चार

निवडणूक झाली की आमच्या मंगळवेढ्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘बायका पंधराशेत विकल्या गेल्या.’ २०२४च्या नोव्हेंबरात विधानसभेचा निकाल लागला तेव्हा तर ते दिवसातून कितीदा तरी माझ्या काउंटरवर आदळायचं. म्हणणारे बहुतेक पेन्शनर. नोव्हेंबर हा त्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. मशीनवर बोट ठेवायचं, आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवायचं आणि सुट्टे पैसे परत मिळेपर्यंत लोकशाहीची काळजी करायची. तीही शेजारच्या बाकावर कागद धरून बसलेल्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात. दरमहा सरकारी पैसे खात्यावर येतात म्हणून गुरुजींचं मत विकलं गेलं, असं कुणी म्हणत नाही. पेन्शन ही नोकरीची कमाई, हे मला मान्य आहे. पण जिचा जन्म दुसऱ्याच्या रानात ज्वारी काढण्यात गेला, तिच्या नोकरीचं सर्व्हिस बुक कुणी लिहिलं होतं?

माझं दुकान एसटी स्टँडजवळ आहे. पाटीवर बरंच काही लिहिलंय, पण लोकांच्या तोंडी ते ‘ताईंचं झेरॉक्स’. सातबारा, पीकविमा, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, परीक्षांचे फॉर्म आणि २०२४च्या जुलैपासून सगळ्यात जास्त लाडकी बहीण, म्हणजे बायकांच्या खात्यावर पंधराशे रुपये टाकणारी सरकारी योजना. लोकांना काय वाटतं यावर टीव्हीवर चार खिडक्यांत चार माणसं भांडतात, ते मीही बघते. त्यांच्या बोलण्यात ‘सोशल मीडियावरचा कल’ आला की मला हसू येतं. कारण तो कल ज्या फोनमधून निघतो, तो फोन कुणाचा हे मला ठाऊक असतं.

अर्ज कुठलाही असो, माझा पहिला प्रश्न ठरलेला: ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? ‘मालकांच्या.’ ‘धाकट्या दिराच्या.’ ‘पोराच्या, तो चाकणला असतोय.’ मग चाकणला फोन. पोरगं कंपनीत, फोन लॉकरमध्ये. आकडा येऊन मुदत संपून जातो आणि बाई बाकावर बसून राहते. हे आमच्याच दुष्काळी तालुक्याचं आहे असं समजू नका. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका देशात ५४ टक्के निघाल्या. म्हणजे उरलेल्या जवळजवळ निम्म्या बायकांचा सरकारशी होणारा सगळा व्यवहार घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून होतो.

आणि सरकारनं काय केलं? २०२५च्या सप्टेंबरात लाडकी बहीणला ई-केवायसी सक्तीची केली आणि बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही मागितला. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का, हे तपासायचं होतं. हेतू चुकीचा नव्हता. २०२५मध्ये छाननी झाली तेव्हा योजनेत चौदा हजारांवर पुरुष सापडल्याचं समोर आलं होतं, तेव्हा तपासणी हवीच होती. पण ज्यांचा नवरा वारलेला, ज्यांचा सोडून गेलेला, ज्यांचे वडील वारून वर्षं झालेली, त्यांनी ओटीपी कुणाकडून आणायचा, याचा विचार सही करणाऱ्याच्या टेबलावर आलाच नाही. ओरड झाल्यावर मुदत नोव्हेंबरवरून डिसेंबरअखेर गेली, आणि अशा बायकांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, असं ठरलं. सोडून गेलेल्याचा दाखला मात्र कुठल्याच कार्यालयात मिळत नाही. पेन्शनरांना आता नुसता चेहरा दाखवून घरबसल्या हयातीचा दाखला देता येतो. बाईच्या चेहऱ्यावर तेवढा विश्वास टाकायला काय हरकत होती?

पण मला बोलायचंय ते त्या फोनबद्दल. दिवसा तो मालकांच्या खिशात असतो. संध्याकाळी सून त्यावर हुकलेली मालिका बघते. जेवणानंतर नातू रील घेऊन बसतो. रात्री मालक पुन्हा भाषणं ऐकतात. एका फोनमध्ये चार माणसांची आवड कालवलेली, आणि तिकडे कंपनीचं यंत्र समजतं की हा एकच माणूस आहे: पन्नाशीचा, कुस्तीचा शौकीन, मेंदीच्या डिझाइनचं वेड असलेला आणि एका विशिष्ट पक्षाचा कट्टर. असा माणूस मंगळवेढ्यातच काय, जगात कुठेही नाही. त्याचं मत मोजून लोक लेख लिहितात.

मागे एक मावशी आल्या होत्या. त्यांचा नंबर सेव्ह करताना स्टेटस दिसलं: एका नेत्याचा वाढदिवस, ढोलताशा, वाघाचा फोटो, ‘आमचं दैवत’. मी सहज म्हटलं, मावशी, तुम्ही यांच्या का? त्या म्हणाल्या, ‘ते बारक्याचं हाय. त्याला त्या गटात घेतलंय, डिझेलला पैसं देत्यात. मला तर तो माणूस बघवत न्हाई.’ मग मत कुणाला दिलं? मावशींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘झेरॉक्सचं किती झालं?’

आता ‘विकल्या गेल्या’चा हिशेब करू. पंधराशे रुपये सगळ्या तालुक्यांत सारखेच येत होते. राज्यात सत्ताधारी महायुतीचे दोनशे तीसच्या वर आमदार आले. आमच्या सोलापूर जिल्ह्यात अकरापैकी सहा जागा विरोधकांना गेल्या: करमाळा, माढा, मोहोळ, माळशिरस, बार्शी आणि सांगोला. तिथल्या बहिणींच्या खात्यावर पैसे आले नव्हते का? आमचा स्वतःचा पंढरपूर-मंगळवेढा मतदारसंघ भाजपच्या समाधान आवताडे यांना मिळाला. पण त्याच वर्षी जूनमध्ये आमच्या सोलापूर लोकसभेतून काँग्रेसच्या प्रणिती शिंदे निवडून आल्या होत्या. पैशांनी काहीच फरक पडला नाही, असं मी म्हणत नाही. पडला. ज्या घरात बाईला चहापत्तीसाठीसुद्धा मागावं लागतं, तिथे स्वतःच्या नावानं आलेल्या पैशाचं मोल तिला कळतं, आणि देणाऱ्याला ती दुवाही देते. पण घेणं आणि विकलं जाणं यांत अंतर आहे, आणि ते तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. प्रचारात एकवीसशे देऊ म्हणाले होते, याचीही आठवण ती ठेवून आहे. विसरतो तो भाषण करणारा.

शेजारच्या सांगोल्याचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. २०२२च्या जूनमध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार गुवाहाटीला जाऊन बसले, आणि त्यांतल्या सांगोल्याच्या शहाजीबापू पाटलांचं फोनवरचं बोलणं बाहेर आलं. ‘काय झाडी, काय डोंगार’ महाराष्ट्रभर झालं. गाणी निघाली, रिंगटोन निघाल्या, आमच्याकडे एकानं ते मागे छापलेले टी-शर्ट विकायला ठेवले. मलाही तो माणूस तेव्हा गोड वाटला. आमच्या भागाची बोली मुंबईच्या चॅनेलवर इतकी कधी वाजली होती? लाइकांवर निवडणूक असती, तर बापू बिनविरोध आले असते. २०२४ला सांगोल्यानं शेतकरी कामगार पक्षाच्या बाबासाहेब देशमुखांना निवडून दिलं. लढत तिरंगी होती, मतं फुटली, आणि बाबासाहेबांच्या आजोबांचं, गणपतराव देशमुखांचं नाव त्या मातीत किती खोल आहे, हेही खरं. पण २०१९ला बापू निवडून आले ते जेमतेम ७६८ मतांनी. मधल्या पाच वर्षांत अख्खं राज्य त्यांच्या बोलण्यावर हसलं, आणि ते हसू त्यांच्या मतपेटीत उतरलं नाही. सांगोलेकर मनापासून हसले होते. मत त्यांनी वेगळ्या हिशेबानं दिलं.

सूरज चव्हाणचंही तसंच. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा हा पोरगा, आईबापाविना वाढलेला. टिकटॉकवर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, २०२०ला टिकटॉक बंद झालं तरी लोक त्याला विसरले नाहीत. २०२४च्या ऑक्टोबरात तो मराठी ‘बिग बॉस’ जिंकला तेव्हा आमच्या स्टँडवर फटाके वाजले, आणि त्याच संध्याकाळी दुकानात एक प्राध्यापक ‘महाराष्ट्राची अभिरुची’ संपल्याचं सांगून गेले. पुढच्या एप्रिलमध्ये त्याला नायक करून दिग्दर्शक केदार शिंदेंनी ‘झापुक झुपूक’ हा सिनेमा काढला. तिकीटबारीवर तो चालला नाही. प्राध्यापकांनी तेव्हा अभिरुची परत आल्याचं कळवलं नाही. फटाके वाजवणाऱ्या पोरांना मी विचारलं, का रे, गेला नाहीत? एक म्हणाला, ‘ताई, तो आपला हाय म्हणून जिंकवला. पिच्चर बघायला ष्टोरी लागती.’ समीक्षा म्हणून मला हे वाक्य पुरेसं वाटतं.

एवढ्यावरून जनता म्हणजे शहाणपणाचा पुतळा, असं कुणी समजू नये. आमच्या तालुक्याला तर तसं म्हणण्याची मुभाच नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला जमावानं पाच माणसं ठेचून मारली. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज तेव्हा फोनमधून फिरत होते. मेलेली माणसं भिक्षा मागून पोट भरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, आणि ती बहुतेक आमच्या मंगळवेढा भागातली होती. त्यानंतर कित्येक दिवस त्या समाजाची माणसं माझ्याकडे आधारकार्ड लॅमिनेट करायला येत. दोरी ओवून गळ्यात घालता येईल असं भोक पाडून द्या म्हणत. मी भोक पाडून द्यायचे. पैसे घेतले नाहीत, पण त्यानं काय होतं.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. पाच तर पाच. मला त्यातून एवढंच कळलं की हसण्यापासून मतापर्यंत जायला माणसाला वेळ मिळतो: महिने मिळतात, चावडी मिळते, विहिरीवरची बोलणी मिळतात, शेजारीण ‘तसं नव्हतं गं’ म्हणायला मिळते. भीतीला तो वेळच मिळत नाही. आलेला मेसेज आणि हातातला दगड यांच्यामध्ये कुणी उभं राहायला उरत नाही. म्हणून ‘लोक फोनमुळे भडकतात’ आणि ‘लोक पैशानं विकले जातात’ ही दोन वाक्यं एका दमात बोलणाऱ्यांवर माझा राग आहे. पहिल्यात जिवाचा प्रश्न आहे, आणि तो पोलिसांनी, शाळेनं, फोनच्या कंपन्यांनी तातडीनं हाताळायचा आहे. दुसऱ्यात बहुधा बोलणाऱ्याचा तोरा असतो.

नव्या तंत्राबद्दलही असाच तोरा बघते. एआय आलं, आता खेड्यातली माणसं फसणार, त्यांना खरंखोटं कळणार नाही, असं पुन्हा पुन्हा वाचनात येतं. फसवणूक होते, बँकेच्या नावानं फोन येतात, माझ्या ओळखीतले शिकलेले लोकही त्यात अडकलेत. पण चित्रांच्या बाबतीत आमची माणसं फारच सावध निघाली. २०२५च्या सप्टेंबरात साडीतल्या फोटोची लाट आली होती: आपला फोटो द्यायचा, यंत्र आपल्याला जुन्या हिंदी सिनेमातल्या नायिकेसारखं करून देणार, मागे सूर्य मावळताना. भाचीनं करून दिलेला तसा फोटो घेऊन एक बाई प्रिंट काढायला आल्या. म्हणाल्या, ‘साडी माझी न्हाई, कंबर तर न्हाईच न्हाई. पण नाक माझं हाय. काढा.’ खोटं किती आणि खरं किती, हे त्यांनी मला विचारलं नाही, उलट मलाच सांगितलं.

दुकानाच्या कोपऱ्यात माझा पुतण्या डिझाइनचं काम करतो. पूर्वी फ्लेक्सचं डिझाइन म्हणजे कोरल ड्रॉमध्ये रात्र जायची: आधी नेत्यांचे फोटो कापायचे, मग कुणाचं डोकं कुणापेक्षा मोठं यावरून भांडणं. आता गिऱ्हाईक चित्र एआयमधून स्वतःच काढून आणतं, आणि आम्हाला फक्त यंत्रानं मोडलेली जोडाक्षरं बसवावी लागतात. नगरपालिकेची हवा सुरू झाली तेव्हा एक इच्छुक तरुण असंच चित्र घेऊन आला. मध्ये तो स्वतः, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, आणि मागे दुथडी भरून वाहणारा कालवा, काठाला हिरवा ऊस. वर ‘भावी नगरसेवक’, तेवढा ‘भ’ उलटा. आमच्या दक्षिण भागातल्या चोवीस गावांच्या उपसा सिंचन योजनेचं गाजर किती निवडणुका पाहून म्हातारं झालंय, हे तालुक्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बाकावर त्याच भागातले एक आजोबा पीकविम्याची पावती घ्यायला बसले होते. ते उठून स्क्रीनजवळ आले, चष्मा वर करून बघितलं.

‘हे पाणी कुठल्या गावचं?’

‘आजोबा, ते एआय हाय,’ तरुण म्हणाला.

‘ते दिसतंया रं. खरं कवा येणार, तेवढं त्यालाच विचार की.’

तरुणानं पाणी काढलं नाही, ‘भ’ तेवढा सरळ करून घेतला. फ्लेक्सचे पैसे अजून यायचेत.