पासवर्ड विसरलात? आधी 'फॉरमॅट'ला नाही म्हणा

मंडळी, या आठवड्याच्या व्हिडिओत दुकानाच्या कॉम्प्युटरचा हा मुद्दा घाईत उरकला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

दिवाळीत आठ दिवस दुकान बंद होतं. परत येऊन बसलो तर पासवर्डच आठवेना. रोज बोटाच्या सवयीने टाकायचो, लिहून कुठेच नाही! रिपेअरवाला म्हणाला, "फॉरमॅट मारू, तासाभरात चालू." मशीन चालू होईल हो, पण टॅलीचा डेटा, उधारीची एक्सेल? सगळं त्याच हार्ड डिस्कवर. आणि २० तारखेला ३बी भरायचा.

खरं तर फॉरमॅट हा शेवटचा उपाय, पहिला नाही. विंडोज १० किंवा ११ मायक्रोसॉफ्ट अकाउंटने उघडत असेल, तर मोबाइलवरूनच पासवर्ड बदलता येतो. ओटीपी येतो, नवा पासवर्ड टाका, कॉम्प्युटरला नेट जोडा, झालं. लोकल अकाउंट असेल तर चुकीचा पासवर्ड टाकल्यावर 'रीसेट पासवर्ड' दिसतं; सुरुवातीला ठरवलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. त्याच मशीनवर दुसरं अॅडमिन अकाउंट असेल तर त्यातूनही काम होतं. अगदीच अडलं तर हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून डेटा उतरवता येतो. पण बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागतेच.

माझं काय झालं? ओटीपी आला, पण माझ्या फोनवर नाही. ज्याने मशीन बसवून दिलं, त्याने स्वतःच्याच ईमेलने अकाउंट काढलं होतं. तो गावाला, फोन बंद. दोन दिवस हाताने बिलं फाडली. बिल माझ्या नावावर, किल्ली मात्र त्याच्या खिशात! चूक त्याची म्हणत नाही मी. गाळ्याचा करार तीनदा वाचणारा मी, तेव्हा "तुम्हीच टाका काहीतरी" म्हणून चहा सांगायला गेलो होतो.

मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवू नका, ती गिऱ्हाईकही वाचतं. मी आता पासवर्ड आणि रिकव्हरी की कागदावर लिहून, शटरच्या दुसऱ्या चावीबरोबर घरच्या कपाटात ठेवलीय. बायकोच्या नावाने दुसरं अॅडमिन अकाउंटही काढलंय. टॅलीचा बॅकअप दर शनिवारी पेनड्राइव्हवर.

उद्या दुकान उघडलं की पहिल्या गिऱ्हाइकाआधी सेटिंग्ज, अकाउंट्स, युवर इन्फो एवढं उघडा आणि तिथे कुणाचा ईमेल आहे ते बघा.