वही फाडणारे मास्तर

दिवाळीच्या अंकात, तोंडात चकलीचा तुकडा असताना, वाचकाला अर्जाच्या फॉर्माविषयी वाचावयास लावणे हा एक प्रकारचा अत्याचारच आहे, हे मी जाणून आहे. परंतु गेल्या वर्षी ऐन वसुबारसेच्या दिवशी आमच्या घरात जो प्रकार घडला त्याचा राग माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही. आणि राग हा अनारशाच्या पिठासारखा नसतो, मुरवत ठेवला म्हणून त्याला जाळी पडत नाही. तो वेळीच बाहेर काढलेला बरा.

माझी धाकटी मावशी ७४ वर्षांची आहे. ३१ वर्षे तिने प्राथमिक शाळेत मुले शिकवली. तिच्या निवृत्तिवेतनासंबंधीचा एक अर्ज इंटरनेटवरून भरावयाचा होता आणि मुदत त्या रात्री बारा वाजता संपत होती. मावशी या गोष्टींना भिणारी नव्हे. मोबाइलवर मराठी टंकलेखन तिचे तिने शिकून घेतले आहे. चष्मा लावून, कागदावर सगळी माहिती आधी उतरवून घेऊन ती बसली. पहिल्या खेपेस खातेपुस्तक आणावयास उठली, आणि परत येऊन पाहते तो पडद्यावर ‘सत्र संपले आहे’ अशी पाटी. भरलेली दोन पाने गेली. दुसऱ्या खेपेस नाव मराठीत लिहिले म्हणून फॉर्माने ते नाकारले. गंमत अशी की फॉर्माचे शीर्षक मराठी, रकान्यांची नावे मराठी, सूचना मराठी. आणि आत मराठी अक्षर घातले की लाल रेघ! तिने निमूटपणे रोमन लिपीत नाव लिहिले. तिसऱ्या खेपेस ती चौथ्या पानापर्यंत पोहोचली, ‘सादर करा’ हे बटण तिने दाबले, आणि फॉर्म उत्तरला, ‘अवैध नोंद’. कोणती नोंद? कोणत्या पानावरची? कशामुळे अवैध? काही नाही. आणि हे दोन शब्द ऐकवून फॉर्म पुन्हा कोरा करकरीत होऊन पुढे उभा राहिला. चौथ्या खेपेस बारा वाजून गेले.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून माझा भाचा आला. तो संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने पाच मिनिटांत निदान केले. “मावशीआजी, चूक तुझीच आहे. घराच्या नंबरात तिरपी रेघ कशाला घातलीस?”

“दारावर आहे म्हणून,” मावशी म्हणाली. आणि मग, जरा थांबून, “अरे, मी एवढ्या वह्या तपासल्या. चूक सापडली की तिच्याखाली रेघ ओढायची आणि बाजूला काय चुकले ते लिहायचे. एका चुकीसाठी कुणाची वही फाडली नाही कधी.”

भाचा हसला. मी हसलो नाही. ‘चूक तुझीच’ हे त्याचे वाक्य एकट्या त्याचे नाही. आज एका संबंध सुशिक्षित वर्गाचे ते वेदवाक्य झालेले आहे. लोक अडाणी आहेत, लोकांनी फॉर्म भरावयास शिकले पाहिजे, यंत्राला काय कळते, यंत्र यंत्रासारखेच वागणार! ही सर्व विधाने मी खोटी समजतो, आणि ती खोटी का आहेत ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

प्रथम ‘यंत्राची मर्यादा’ घेऊ. वेबच्या पानावरील फॉर्म ही काही अगम्य वस्तू नाही. पानावर रकाने असतात. प्रत्येक रकान्याला पानाच्या लेखकाने एक आतले नाव दिलेले असते. आपण बटण दाबले की ब्राउझर ‘हे नाव, ही किंमत’ अशा जोड्या एका दोऱ्यात ओवून दूरच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, पाठवतो. तेथे बसलेली आज्ञावली त्या जोड्या उलगडते, तपासते आणि उत्तरादाखल दुसरे पान धाडते. इतकेच. नोव्हेंबर १९९५ मध्ये टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनॉली यांच्या नावे एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीचा जो दस्तऐवज प्रसिद्ध झाला, त्यात हे सारे लिहिलेले आहे. आणि त्यातच आणखी एक सोय आहे, जिच्याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधतो: रकान्यात आधीच मजकूर भरून पान पाठवता येते. याचा अर्थ काय? याचा अर्थ असा की, चूक झाली तर माणसाने भरलेले सगळे जसेच्या तसे त्याला परत देऊन, चुकलेल्या रकान्यापाशी ‘येथे अमुक चुकले’ असे लिहिणे १९९५ सालापासून शक्य आहे. पुढे २०१४ साली मान्य झालेल्या पाचव्या आवृत्तीने तर रकाना अनिवार्य आहे की नाही, त्यात ईमेलचा पत्ता हवा की तारीख, हे तपासण्याचे काम ब्राउझरकडेच दिले. मावशीची वही फाडणारे यंत्र नव्हते. कोणा मास्तराने ती फाडण्याचे ठरवले होते. किंवा, त्याहून वाईट, तिचा विचारच केला नव्हता.

सत्र संपण्याचेही तेच. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून २००८ साली जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे ठरली, त्यांत वेळेच्या मर्यादेबद्दल सांगितलेला एक उपाय असा की, वेळ संपण्यापूर्वी माणसाला इशारा द्यावा आणि एखाद्या साध्या कृतीने ती वाढवून घेण्यासाठी निदान २० सेकंद द्यावेत. खातेपुस्तक कपाटातून काढून आणणाऱ्या म्हातारीचा विचार जगात कोणीतरी केलेला आहे. तो वाचावयाचा मात्र राहून गेला.

आता नावाकडे वळतो, कारण खरी मुजोरी येथे आहे. देवनागरी संगणकात बसत नाही, हे कारण १९९१ सालीच संपले. त्या वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा मिळालेली आहे. असे असूनही फॉर्म लिहिणारा जेव्हा ‘रोमन अक्षरांखेरीज काही स्वीकारू नये’ असा नियम घालतो, तेव्हा तो यंत्राची अडचण सांगत नसतो, स्वतःची सवय सांगत असतो. ‘ज्योत्स्ना’ हे नाव घ्या. आपण मराठी माणसे ते दोन अक्षरांचे मानतो. युनिकोडमध्ये, व्यंजने, हलन्त, मात्रा, काना असे सुटे मोजले, तर ती १० चिन्हे होतात. साठवताना प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे ३० बाइट. आणि नेहमीच्या पद्धतीने फॉर्मातून पाठवताना प्रत्येक बाइटच्या तीन खुणा होतात. म्हणजे आमची दोन अक्षरे तारेवरून ९० खुणांची वरात होऊन जातात. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. वरात सुखरूप पोहोचते. परंतु पलीकडे कोणी ‘नावाला २० बाइट पुरेत’ असे इंग्रजी नावे डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेले असेल, तर ज्योत्स्नाबाई मांडवाच्या दारातच अर्ध्या कापल्या जातात.

अंकांची कथा याहून हास्यास्पद. मावशीने वय ‘७४’ असे मराठीत लिहिले तर फॉर्म म्हणतो, हा अंकच नव्हे. युनिकोडमधील मराठी शून्याचा क्रमांक २४०६ आणि इंग्रजी शून्याचा ४८. पुढचे अंक दोन्हीकडे ओळीने येतात. तेव्हा क्रमांकातून २३५८ वजा केले की मराठी अंकाचा इंग्रजी अंक होतो. चौथीतल्या मुलाला येईल अशी ही वजाबाकी मावशीने करावी की संगणकाने?

शिवाय ‘पहिले नाव, मधले नाव, आडनाव’ ही त्रिस्थळी यात्रा आहेच. आडनावापुढे लाल चांदणी असते. ते भरल्यावाचून गत्यंतर नाही. पण या देशात आडनाव नसलेली माणसे असंख्य आहेत, आणि काहींनी तर जातीची खूण नको म्हणून ते समजून उमजून टाकलेले आहे. ती माणसे काय करतात? आडनावाच्या जागी टिंब देतात, किंवा स्वतःचेच नाव दुसऱ्यांदा लिहितात. ते टिंब नोंदीत जाऊन बसते, आणि पुढचा फॉर्म म्हणतो, टिंब चालणार नाही, मूळ नोंदीप्रमाणे नाव लिहा! एकच नाव असलेल्या माणसाला अमेरिकेच्या व्हिशावर ‘एफएनयू’ अशी तीन अक्षरे चिकटतात. ‘पहिले नाव अज्ञात’ असा त्यांचा अर्थ. आईबापांनी बारशाला ठेवलेले नाव अज्ञात, कारण रकाना रिकामा राहता कामा नये.

येथे माझा भाचा एक हुकमी पान टाकतो: सुरक्षितता. म्हणे, तिरपी रेघ, अवतरणचिन्ह असली चिन्हे येऊ दिली तर लबाड लोक रकान्यातून चोरून हुकूम घुसवतात. धोका खरा आहे. रकान्यात नावाऐवजी माहितीसाठ्याला उद्देशून आज्ञा लिहायची, आणि बेसावध आज्ञावलीने ती मजकूर न समजता हुकूम समजून पाळायची, अशा चोऱ्या जगभर झालेल्या आहेत. परंतु त्यावरचा इलाज काय? आलेला मजकूर हा मजकूरच आहे, हुकूम नव्हे, असे माहितीसाठ्याला वेगळे बजावून सांगण्याची पद्धत रूढ आहे, आणि ती सर्व्हरवर वापरावयाची असते. घरमालकिणीच्या पत्रात कोणी ‘दार उघड’ असे लिहिले म्हणून दार उघडणारा गडी बदलावा, की पत्रातून ‘द’ हे अक्षर हद्दपार करावे?

आणि ब्राउझरमधील तपासणी ही तर सुरक्षितता नव्हेच. जो खरा लबाड आहे तो तुमचे पान उघडीतही नाही. तो त्या जोड्या स्वतः तयार करून थेट सर्व्हरकडे पाठवतो. पानावरच्या लाल रेघेला अडतो तो फक्त सरळ माणूस. पानावरची तपासणी म्हणजे पाहुण्याला ‘पायरी आहे, जपून’ म्हणण्याइतके सौजन्य. कुलूप आत सर्व्हरवर लावायचे असते. आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी सौजन्याच्या जागी कुलूप आणि कुलपाच्या जागी काहीच नाही.

इतर गुन्ह्यांचा उल्लेख ओझरता करतो. फॉर्म पाठवण्याच्या ‘गेट’ आणि ‘पोस्ट’ अशा दोन रीती आहेत. गेट म्हणजे पोस्टकार्ड: मजकूर पत्त्यातच लिहिला जातो, आणि मग तो ब्राउझरच्या इतिहासात, सर्व्हरच्या रोजनाम्यात पडून राहतो. काही शोधावयाचे असेल तर पोस्टकार्ड उत्तम. पण त्यावर कोणी आपला बँकेचा खातेक्रमांक लिहील काय? आणि फॉर्मात रीत सांगितली नाही तर ब्राउझर पोस्टकार्डच धरतो, हे विसरणारे महाभाग आहेत. पैसे भरताना ‘कृपया बटण दुसऱ्यांदा दाबू नका’ अशी विनवणी करणारे दुसरे. अहो, एका अर्जाला एक खूण द्या, ती खूण दुसऱ्यांदा आली तर पैसे घेऊ नका. म्हातारीच्या थरथरत्या बोटावर हिशेबाची जबाबदारी कशाला टाकता? तिसरे ते, जे ‘सादर करा’ला खेटून ‘सर्व पुसा’ हे बटण ठेवतात. चार पाने भरून झाल्यावर ती सर्व पुसण्याची इच्छा होणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही.

कोणी म्हणेल, तुम्हाला जुना कारकून परत हवा आहे. मुळीच नाही. त्या खिडकीपुढे मी उन्हात उभा राहिलो आहे. तेथे चालणारे व्यवहारही मला ठाऊक आहेत. फॉर्म चहापाणी मागत नाही, जात विचारून आवाज बदलत नाही, ही त्याची थोरवी मी मानतो. पण एक फरक पाहा. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला. अधिसूचित सेवेचा अर्ज फेटाळावयाचा तर अधिकाऱ्याने कारण लेखी नोंदवावे लागते, आणि त्यावर वरिष्ठाकडे अपील करता येते. मावशीचा अर्ज मात्र कोणी फेटाळलाच नाही! तो आलाच नाही. ‘अवैध नोंद’ हा निकाल कोणाच्या सहीने झाला? त्याला जावक क्रमांक कोणता? त्यावर अपील कोणाकडे? कारकुनाने एवढे केले असते तर आम्ही त्याचे नाव विचारले असते. येथे ज्याने तिरपी रेघ निषिद्ध ठरवली तो कायदेमंडळाचा सभासद नाही, अधिकारी नाही; तो एखाद्या दुपारी, जेवून आल्यावर, एक ओळ लिहून मोकळा झालेला माझ्या भाच्यासारखा एक मुलगा आहे, आणि त्याच्या त्या ओळीला कायद्यापेक्षा अधिक बळ आहे. अशी ओळ सार्वजनिक असावी. कोणत्या रकान्यात काय चालत नाही आणि का, हे फॉर्माच्या आरंभी छापलेले असावे. आणि दाराशी अडवलेल्या प्रत्येक अर्जाची कारणासह नोंद होऊन तिची पावती अर्जदाराच्या हाती पडावी. एवढे मागणे फार आहे असे मला वाटत नाही.

मावशीच्या अर्जाचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. मुदत आठ दिवसांनी वाढली. भाऊबीज आटोपल्यावर ती एस. टी.ने तालुक्याला गेली. तेथल्या माणसाने तोच फॉर्म आपल्या संगणकावर उघडला आणि सवयीने सात मिनिटांत भरून दिला. घरक्रमांकातली तिरपी रेघ त्याने न विचारता गाळली. पावतीवर १२/४ चे १२४ झाले आहे. आमच्या गल्लीत १२४ क्रमांकाचे घर नाही. पण पोस्टमन हा मावशीचा जुना विद्यार्थी आहे.