घोटणी आणि पदवी

आपल्या वार्षिकात हुंडा, बेकारी, पाणीटंचाई, थोरांची चरित्रे असे विषय दरवर्षी येतात; ते यावेत याबद्दल वाद नाही. मी मात्र या वेळी एका वीतभर लाकडाच्या तुकड्यावर लिहिणार आहे. चामड्याची कापलेली कड घासून गुळगुळीत करण्याचे हे हत्यार. आमच्या घरी त्याला 'घोटणी' म्हणतात. आमचे घर कोल्हापुरी चपला करणाऱ्यांचे आहे आणि त्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. घोटणी आणि पदवी या दोन्हींशी माझा रोजचा संबंध येतो. त्या दोहोंविषयी मला जे वाटते ते स्पष्टपणे मांडावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम घोटणीचे काम काय ते सांगितले पाहिजे; कारण चप्पल वापरणाऱ्या बहुतेकांनी ती पाहिलेली नसते. चामडे म्हणजे बारीक तंतूंचे दाट जाळे. रापीने ते कापले की कडेला या तंतूंची टोके उघडी पडतात. हाताला ती कड खरखरीत लागते. तशीच सोडली तर तिच्यातून पाणी आत शिरते आणि तळाचे थर सुटू लागतात. म्हणून कड आधी रापीने सारखी करावयाची, तिचे वरचे-खालचे कोपरे किंचित मारावयाचे, बोटाने पाणी लावून ती दमट करावयाची आणि मग घोटणीच्या खाचेत धरून भराभर घासावयाची. घर्षणाने उष्णता येते, ओलसर तंतू दबतात आणि एकमेकांना धरून बसतात. थोड्या वेळाने कडेवर काळसर तकाकी येते. वर मेण फिरवून पुन्हा एकदा घोटले की काम झाले. पाणी जास्त झाले तर कड फुलते. कमी झाले तर तंतू बसत नाहीत, नुसते झिजतात. हे प्रमाण मोजण्याचे माप नाही. ते बोटांना कळते.

आमचे आजोबा म्हणतात, "पोरी, पट्टा समदी बगत्यात, येणी समदी बगत्यात. कड कोन बगत न्हाई. पर पानी शिरतं ते कडंतनंच." त्यांच्या या वाक्यात मला पुष्कळ अर्थ दिसतो.

आता ही घोटणी करतात कशी? लाकूड जड, घट्ट रेषांचे आणि पुरते वाळलेले पाहिजे. मऊ लाकडाला चामडेच झिजविते. परदेशी कारागीर बॉक्सवुड, एबनी अशी लाकडे वापरतात. आमच्याकडे शिसव चालते, चिंचेचा गाभा चालतो. पण आजोबांची पसंती बाभळीला. मोडक्या बैलगाडीच्या चाकाचा आरा मिळाला तर त्यांना सोन्याहून प्रिय, कारण ते लाकूड वर्षानुवर्षे ऊन-पाऊस खाऊन मुरलेले असते. वीतभर तुकडा कापून तो रंध्याने गोल करावयाचा, मुठीत नीट बसेल असा. मग अर्धगोल कानशीने त्यावर खाचा पाडावयाच्या. एकेरी पट्ट्याला एक, जोडतळाला त्याहून रुंद, आणि थरावर थर दिलेल्या टाचेला सर्वांत रुंद. खाचेचा तळ गोल हवा. त्यात कोपरा राहिला तर तो कड खरवडतो. खाच फार रुंद झाली तर कडेचा मधलाच भाग घोटला जातो आणि बाजू तशाच राहतात. फार खोल झाली तर तिचे ओठ चामड्याच्या दर्शनी बाजूवर घासून डाग पाडतात. शेवटी काचकागद मारून, मेण लावून, चामड्याच्याच तुकड्याने ती तासभर घासावयाची. तेल लावावयाचे नाही. तेल चामड्यात उतरते. पुढे जितकी वापरावी तितकी ती गुळगुळीत होत जाते.

बाभळीविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. या सालींतील द्रव्य तंतूंत मुरलेले असते, म्हणून असे चामडे घोटले की दबते आणि दबलेले राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची पद्धत जगभर पसरली. ती झटपट होते, चामडे मऊ आणि लवचिक मिळते. पण त्याची कड दाबली तरी पुन्हा उसळते. तिच्यावर रंगाचा थर चढवावा लागतो किंवा ती दुमडून शिवावी लागते. म्हणजे ज्या झाडाची साल कातडे कमावते, त्याच झाडाच्या लाकडाने त्या कातड्याची कड घोटावयाची, असा हा मेळ आहे. तो आमच्या घरात कोणी पुस्तकात वाचलेला नाही.

आमच्या घरी एक घोटणी इतरांपेक्षा बारीक आहे. ती आजोबांनी आजीसाठी केली. चपलेच्या वेण्या घालणे, गोंडे करणे, कडा घोटणे ही कामे आमच्या घरी बायकाच करीत आल्या. पुरुषाच्या मुठीची घोटणी दिवसभर धरून आजीचे मनगट दुखे, म्हणून ही निराळी. आज ती आईच्या हातात आहे. आईला मजुरी जोडामागे मिळते. कड घोटण्याचा वेगळा हिशेब कोणी करीत नाही. एका व्यापाऱ्याने तर "कडा जरा कमी घोटल्या तरी चालतील, गिऱ्हाइकाला कळत नाही," असे सांगून दर उतरविला होता. आईने दर सोसला, पण कडा कमी घोटल्या नाहीत.

वाचकहो, आता मी माझ्या मुद्द्याकडे येते. कोणते लाकूड, केवढी खाच, किती पाणी, किती दाब, कोणते चामडे दबेल आणि कोणते उसळेल, या साऱ्याला आपण ज्ञान म्हणणार आहोत की नाही? परीक्षेत याच्यावर प्रश्न येत नाही, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. 'घोटणे' हा शब्दच पाहा. मुलांकडून अक्षर घोटून घेतात, वैद्य मात्रा घोटतो, गवंडी गिलावा घोटतो. ज्या जुन्या कागदपत्रांवरून आपण इतिहास शिकतो, तो हातकागदसुद्धा खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटलेला असे. नाहीतर बोरूची शाई त्यावर फुटली असती. विद्येच्या पायाशी कोणाचा तरी घोटणारा हात होता. मात्र लिहिणाऱ्याचे नाव राहिले, घोटणाऱ्याचे राहिले नाही.

अशा कामांविषयी बोलताना आपल्याकडे दोन सूर ऐकू येतात. पहिला तुच्छतेचा. त्याच्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही; तो आम्हाला पाठ आहे. दुसरा सूर कौतुकाचा, आणि मला भीती वाटते ती याची. वक्तृत्व स्पर्धांतून 'पारंपरिक कारागिरी जगली पाहिजे' असे आवेशाने सांगणारे ऐकले की मनात प्रश्न येतो, ती कोणी जगवावयाची? बोलणाऱ्यांपैकी कोणाला रापी हातात धरावयाची असते? 'तुम्ही जगवा, आम्ही टाळ्या वाजवू' असाच या कौतुकाचा अर्थ असेल, तर ते कौतुक म्हणजे जुनीच व्यवस्था नव्या शब्दांत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गाव-गाडा' या १९१५ सालच्या ग्रंथात गावाच्या बलुतेदारीचे चित्र आहे. त्या गाड्यात चांभाराची जागा त्याच्या कसबावरून ठरत नसे, जन्मावरून ठरे. जातीने कामे वाटून दिली एवढ्यावर भागले नाही. काम करणारी माणसेही तिने एकमेकांपासून तोडून वरखाली बसविली, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले. ते वाचल्यावर परंपरेचे गोडवे गाणे माझ्यासारखीला शक्य नाही.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना ते लागू आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच घाटाच्या चपला कोल्हापूरचे नाव न घेता दाखविल्या, तेव्हा वर्तमानपत्रांतून केवढा संताप उसळला! पुढे कंपनीने मूळ मान्य केले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिचा करारही झाला. सुमारे ८०० युरो किमतीचे २,००० जोड येथे तयार करून घेण्याचे जाहीर झाले. हे चांगलेच झाले. पण त्या दिवसांत 'आमची चप्पल, आमची अस्मिता' असे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या गावात एका जोडाला मजुरी काय पडते याची चौकशी केली? मानांकन नावाचे रक्षण करते, आणि नावाचे रक्षण आवश्यक आहे. परंतु घोटण्यात गेलेल्या वेळाची किंमत त्या कागदावर लिहिलेली नाही. ती गिऱ्हाइकाने आणि व्यापाऱ्याने द्यावयाची असते.

यंत्राला माझा विरोध नाही, हेही येथे सांगते. मोटारीवर फिरणारी घोटण्याची चाके मिळतात, आणि गंमत अशी की त्यांतलीही कित्येक खाच पाडलेल्या लाकडाचीच असतात. लाकूड गेले नाही. हाताऐवजी मोटार ते फिरवू लागली. वेग फार झाला तर कड करपते, म्हणून जाणता हात तेथेही लागतोच. आईचा खांदा वाचत असेल तर अशी मोटार आमच्या घरात उद्या यावी. हातानेच करा, त्यातच खरी कला, असे म्हणणाऱ्यांनी आधी दिवसभर दहा जोड घोटून पाहावेत.

मग माझे म्हणणे काय? मला पुढे एम.ए. करावयाचे आहे आणि शिकवावयाचे आहे. मी चपला करणार नाही. वडिलांचीही तीच इच्छा आहे. आमच्यासारख्या घरांतली मुले या कामातून बाहेर पडली तर त्यांच्यावर परंपरा मोडल्याचा ठपका कोणी ठेवू नये. त्याचबरोबर, आम्ही बाहेर पडलो म्हणून ती विद्याही बुडावी असे मला वाटत नाही. काम जन्मापासून सुटे झाले, तरच ते विद्या म्हणून टिकेल. ज्याला आवडेल त्याने शिकावे, ज्याला नको त्याने सोडावे, आणि जो करील त्याला पोटभर दाम मिळावा. सुतारकाम न करणारा आनंदाने सुताराच्या ओट्यावर बसतो. चामड्याजवळ मात्र तो अजून नाक मुरडतो. हे नाक मुरडणे गेल्याशिवाय नुसत्या मानांकनांनी काही साधणार नाही.

आपल्या महाविद्यालयापुरत्या दोन सूचना करते. पहिली मराठी विभागासाठी. आपल्या वर्गांत सुतार, लोहार, कुंभार, कातारी, चर्मकार, कोष्टी अशा घरांतली मुले-मुली आहेत. प्रत्येकाने आपल्या घरातील हत्यारांची नावे, ती कशाची करतात आणि कशी वापरतात, हे लिहून आणावे. एका वर्षात सुंदर शब्दसंग्रह तयार होईल. ज्यांना व्याकरणाच्या तासाला बोलावयाचा संकोच वाटतो, ते या विषयावर प्राध्यापकांनाही चार शब्द शिकवू शकतील.

दुसरी सूचना 'कमवा व शिका' योजनेसाठी. या योजनेत आपण बागेला पाणी घालतो, ग्रंथालयात पुस्तके लावतो. तेथेच एक चर्मकामाचा बाक मांडावा: चार घोटण्या, दोन रापी, सालीत कमावलेले चामडे आणि मेण. वह्यांची बांधणी, पट्टे, पिशव्या तेथे कराव्यात. शिकवावयाला एखाद्या कारागीर बाईला अतिथी व्याख्यात्याच्या मानाने आणि मानधनाने बोलवावे. अट एकच असावी: या बाकावर आडनाव पाहून कोणाला बसवू नये आणि आडनाव पाहून कोणाला उठवू नये. 'कमावणे' या क्रियापदाला मराठीत दोन अर्थ आहेत, पैसा कमावणे आणि कातडे कमावणे. आपल्या योजनेत दुसऱ्या अर्थालाही जागा मिळावी.

पदवी घेऊन आम्ही घराबाहेर पडू तेव्हा बरोबर काय नेणार, हा माझ्या पिढीपुढचा प्रश्न आहे. हत्यार नेले नाही तरी चालेल. त्या हत्यारामागचे शहाणपण आमच्याच माणसांचे आहे, हे चारचौघांत मान वर करून सांगण्याइतके धैर्य मात्र प्रत्येकाने न्यावे. आणि ऐकणाऱ्यांनी ते ऐकून घेण्याइतके मोठे व्हावे.

— द्वितीय वर्ष, कला