मधमाशीला बेसूर कळत नाही

१/ वरात ऐन रंगात येते, चिंचेवरचे आग्यामोहोळ उठते आणि सनईवाल्यापासून नवरदेवापर्यंत सारे वाट फुटेल तिकडे धावतात. मग गावात एकच विनोद फिरतो : वादन इतके बेसूर होते की माश्यांनाही सोसवले नाही! या विनोदामागच्या समजुतीला मोठा इतिहास आहे. मात्र तिच्यामुळे वादक आणि मधमाशी या दोघांवरही अन्याय होतो.

२/ मराठी संगीत रंगभूमीने तर जन्मतःच भुंग्याला भूमिका दिली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आले. कालिदासाच्या पहिल्या अंकात भुंगा शकुंतलेला सतावतो आणि झाडाआड लपलेल्या दुष्यंताला पुढे येण्याचे निमित्त मिळते. रंगमंचावर भुंगा नसतोच. तो नटाने नजरेतून आणि पदरातून उभा करायचा. १९०५ साली बालगंधर्वांनी पदार्पण केले तेही शकुंतलेच्याच भूमिकेत.

३/ हा भुंगा एकटा आणि काल्पनिक, म्हणून हवाहवासा. खऱ्या माश्यांबाबत मात्र माणसाने पूर्वापार तर्क लढवले. प्राचीन ग्रीसमध्ये खापरे आणि खडे वाजवून उडालेल्या माश्या गोळा करीत. रोमन कवी व्हर्जिलने त्यासाठी झांजा वाजवायला सांगितले. त्याच्या तीन शतके आधी ॲरिस्टॉटलने मात्र नेमकी शंका नोंदवली होती : माश्यांना हा आवाज मुळात ऐकू तरी येतो का?

४/ १६०९ साली चार्ल्स बटलर या इंग्रज धर्मोपदेशकाने मधमाश्यांवरील ग्रंथात पोळ्यातील आवाज चक्क स्वरलिपीत उतरवले. १६२३ च्या आवृत्तीत त्याने त्यांवर चार आवाजांत गायची रचनाच छापली. युरोपात वाद्याने माश्या शांत होतात ही समजूत, आपल्याकडे वाद्याने त्या चिडतात ही. दोन्हीकडे माणसाने आपले कान मधमाशीला बसवले.

५/ मधमाशीला आपल्यासारखे कान नसतात. तिच्या स्पृशांमधील एक अवयव हवेची हालचाल टिपतो, पण ती अगदी जवळची. पोळ्यातील नाच ‘ऐकण्यापुरती’. पायांना मात्र पृष्ठभागाचे हादरे चांगले जाणवतात. म्हणजे दूरवरच्या सनईचा राग तिच्यापर्यंत पोहोचत नाही. फांदीला किंवा दगडाला बसलेला हादरा पोहोचतो. फटाक्याचा धूर आणि एखाद्याने भिरकावलेला दगड तर पोहोचतोच. एका माशीने डंख मारला की धोक्याचा गंध सुटतो आणि बाकीच्या त्याच्या मागाने येतात.

६/ आता नळदुर्ग पाहा. बोरी नदीवरील बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल १६१३ चा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. हा सुलतान स्वतः संगीतज्ञ होता. ‘किताब-ए-नवरस’मध्ये त्याची दख्खनी गीते आहेत आणि त्याच्या तंबोऱ्याचे नाव होते ‘मोतीखान’. अशा वास्तूत ढोल-ताशा आणि पोवाड्याचा कार्यक्रम व्हावा, असे इतिहासप्रेमी तरुणांना वाटणे स्वाभाविक आहे. पण उंच, उघडी आणि पाण्याजवळची कमान किंवा कडा आग्यामाश्यांच्याही पसंतीची असते. आमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वी मान वर करून पाहणे हा दुर्गभ्रमंतीचाच भाग मानला पाहिजे.

७/ कारण मोहोळ उठले की सगळे सारख्या वेगाने पळू शकत नाहीत. गोंधळ्याचा संबळ कमरेला बांधलेला असतो, हलगी खांद्याला अडकवलेली, बँडवाल्याच्या अंगावर जड ढोल. वाद्य हेच पोट, ते टाकून पळायचे कसे? कार्यक्रमाची जागा तो ठरवत नाही, फटाकेही तो लावत नाही. तरी डंख त्याला आणि विनोदही त्याच्यावर.

८/ दुसरी शिक्षा माश्यांना. रात्री मशाल लावून पोळे जाळले जाते. सूर्यफूल आणि कांद्याच्या बियाण्याला ज्यांची गरज, त्या माश्यांची राख होते. ‘दुर्गासप्तशती’च्या अकराव्या अध्यायात देवी सांगते की अरुणासुराच्या वधासाठी ती भ्रमरांचे रूप घेईल, म्हणून ती भ्रामरी. नवरात्रात तो पाठ श्रद्धेने करणाऱ्या जिल्ह्यात पोळ्याला मशाल लावणे विसंगत नाही का?

९/ हसू नये असे कोणी म्हणणार नाही. झाडाखाली घोडा सोडून पळालेला नवरदेव हसू आणणारच. फक्त हसू योग्य ठिकाणी जावे. ‘माश्यांना सूर आवडला नाही’ म्हटले की, मोहोळाखाली मांडव घालणारा आणि फटाका लावणारा दोघेही सुटतात. ॲरिस्टॉटलची शंका तेवीस शतकांपूर्वीची आहे. ती आयोजकांना एकदा तरी पडायला हवी.