घड्याळ दोघींना सारखेच



जुलैअखेर म्हणजे आपल्याकडे रोवणीची घाई. २०२५ साली याच दिवसांत जॉर्जियातील बाटुमी शहरात महिला विश्वचषक बुद्धिबळाचा अंतिम सामना झाला. एकीकडे आंध्रची अनुभवी कोनेरू हम्पी, वय ३८. दुसरीकडे आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, वय १९. हम्पी २००२ साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता!

पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डाव झाले; पहिला पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळे मोहरे होते. हम्पीची वेळ संपत आली, घाईत चुका झाल्या आणि दिव्या २.५-१.५ अशी जिंकली. त्या विजयाने तीही ग्रँडमास्टर झाली.

मोहरे दोघींचे सारखेच, वेळही सारखीच. ती पुरवली कोणी, हे महत्त्वाचे. धानाचेही तसेच. पऱ्हे साधारण २१ ते २५ दिवसांचे झाले की रोवणी उरका. जून पऱ्ह्यांना फुटवे कमी येतात. म्हणून बांध, चिखलणी, मजूर यांची जुळवाजुळव आधीच करा.

आणि रात्री घरी बुद्धिबळाचा पट मांडलात, तर लेकीलाही समोर बसवा.